चुकांची पाटी

सुदर्शनच्या पहिल्या व्याख्यानाला नऊ सिस्टर झोपल्या, दुसऱ्याला तेरा. तिसऱ्या व्याख्यानात 'हात धुण्याचे पाच प्रसंग' सांगताना त्याला स्वतःलाच जांभई आली, तेव्हा त्यानं मान्य केलं की दोष श्रोत्यांचा नाही. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत उभं राहून दमलेल्या बाईला पंख्याखाली बसवून जंतूंची माहिती सांगितली, तर ती दुसरं काय करणार?

ही सगळी हकिकत सुदर्शन आता स्वतःच चहा पिताना सांगतो आणि सांगताना स्वतःला अजिबात सूट देत नाही. म्हणूनच ती इथं इतक्या तपशिलानं लिहिता येते आहे.

सुदर्शन छत्रपती संभाजीनगरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात 'ब्रदर', म्हणजे पुरुष नर्स, होता. सहा वर्षं त्यानं पुरुष वॉर्डात काढली, त्यातली निम्मी नाईट ड्यूटीत. मग रुग्णालयाची गुणवत्ता तपासणी जवळ आली आणि ट्रस्टचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना कुणीतरी सांगितलं की सिस्टरना स्वच्छता शिकवणारा एक स्वतंत्र माणूस लागतो. तात्यासाहेबांनी सुदर्शनला निवडलं, कारण त्याच्या मोबाइलला तडा गेलेला नव्हता आणि तो इंग्रजी शब्द न अडखळता म्हणायचा. चादरी ठेवायची खोली रिकामी करून त्याला दिली. दारावर 'संसर्ग प्रतिबंध' अशी पाटी लागली आणि आत चाकाची खुर्ची आली. बोली सहा महिन्यांची होती. तपासणीत हात धुण्याचे मार्क चांगले पडले तर पद कायम, नाही तर परत वॉर्डात.

त्या खुर्चीत सुदर्शनचा जीव अडकला होता. खुर्चीपेक्षाही तिच्या वेळेत. साडेपाचला सुटून तो सहाला घरी पोचायचा. त्याची चार वर्षांची मुलगी आतापर्यंत त्याला दिवसा झोपणारा माणूस म्हणूनच ओळखत होती. आता ती संध्याकाळी दारात उभी राहायची. हे सुख सहा महिन्यांत संपू नये, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून मंगळवारची व्याख्यानं चालू ठेवून त्यानं तिसऱ्या महिन्यानंतर एक नवीन युक्ती काढली. परदेशातल्या एका रुग्णालयात सिस्टरना ऑनलाइन फळ्यावर शिकवतात, असा व्हिडिओ त्यानं पाहिला होता. मोबाइलवर एकच पान सगळ्यांना दिसतं, सगळ्यांना त्यावर एकाच वेळी रंगीत चौकोन चिकटवून लिहिता येतं. व्याख्यान नाही, झोप नाही. सुदर्शननं तसा फळा तयार केला आणि लिंक बेचाळीस सिस्टरना पाठवली. हात धुवायचे राहिले तर पिवळा चौकोन, ग्लोव्हज राहिले तर लाल, सुई टोचली तर निळा. नियम एकच होता: आपली चूक लिहा, नाव लिहू नका. सिस्टरनी मोकळेपणानं लिहावं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवून शब्दही दिला, की या फळ्यावर कुणीही वरिष्ठ डोकावणार नाही. मी स्वतःसुद्धा नोंदी वाचणार नाही, फक्त किती झाल्या ते बघेन.

सिस्टर फळ्याला 'पाटी' म्हणू लागल्या. मोठ्या वॉर्डाच्या इन्चार्ज रईसा सिस्टर यांनी चष्मा कपाळावर चढवून ती पाटी बघितली. रईसा सिस्टरची नोकरी अठ्ठावीस वर्षांची होती आणि रुग्णालय खरं तर त्यांच्यावर चालायचं. कुणाची ड्यूटी कधी आणि कुणी कुणाशी ड्यूटी बदलून घ्यायची, हे त्यांच्या एका लाल वहीत असायचं, वही कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला.

"पाटी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण पोरी चुका कशाला लिवतील रे? चूक काय लिवायची गोष्ट हाय का?"

पहिल्या आठवड्यात त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पाटीवर फक्त 'सर्वांना नमस्कार' एवढाच एक चौकोन होता आणि तो सुदर्शनचा होता. दुसऱ्या आठवड्यात मात्र नोंदींचा आकडा एकदम बारा झाला. मग सत्तावन्न झाला. मग एकशे चाळीस. महिनाअखेरीस सुदर्शननं सकाळी मोबाइल उघडला तर आकडा तीनशे बारा होता. त्याला वाटलं, आपण काहीतरी मोठं करून बसलो आहोत. ते खरंही होतं, पण वेगळ्या अर्थानं.

शब्दाला जागून त्यानं आत डोकावलं नाही. आकडा मात्र दिसेल त्याला सांगितला. तात्यासाहेबांना सांगितला तेव्हा ते विचारात पडले.

"म्हणजे आपल्या सिस्टरनी तीनशे चुका केल्या?"

"नाही साहेब. कबूल केल्या."

"कबूल केल्या म्हणजे केल्याच की."

चूक कबूल करणं ही सुधारण्याची पहिली पायरी असते, हे त्यांना पटवायला सुदर्शनला पाऊण तास लागला. पण एकदा पटल्यावर तात्यासाहेबांनी पुढची उडी स्वतःच मारली. शुक्रवारी तपासणी होती. ही पाटी मोठ्या पडद्यावर दाखवायची, त्यातल्या वीस-पंचवीस चांगल्या चुका निवडून ठेवायच्या, असा त्यांनी हुकूम सोडला.

चांगल्या चुका निवडायच्या तर वाचणं भाग होतं. गुरुवारी दुपारी तीन वाजता सुदर्शननं खोलीचं दार लावलं आणि स्वतःचा शब्द मोडून पाटी उघडली.

पहिल्याच पिवळ्या चौकोनात लिहिलं होतं: 'शुक्रवारची सकाळ कुणी घेईल का? पाचोडला मावसबहिणीची हळद आहे. बदल्यात दोन नाईट देते. रूपा, पुरुष वॉर्ड.' त्याखाली दुसरा पिवळा: 'मी घेते, पण माझी शनिवारची दुपार कुणीतरी घ्या.' त्याखाली लाल: 'शनिवार दुपार माझी. माझी रविवारची नाईट सुटायला हवी.' त्याखाली निळा. त्याखाली परत पिवळा. सुदर्शन बोटानं पान वर सारत राहिला. पिवळा म्हणजे सकाळ, लाल म्हणजे दुपार, निळा म्हणजे नाईट, हे त्याच्या दहा मिनिटांनी लक्षात आलं. नाव लिहू नका असं बजावलेलं असताना प्रत्येकीनं नाव, वॉर्ड आणि मोबाइल नंबर लिहिला होता. एका कोपऱ्यात लेबर रूमनं कळवलं होतं की आज मेथी जास्त आहे, डबा घेऊन या. हात धुण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याच्या 'सर्वांना नमस्कार'च्या खाली मात्र कुणीतरी लिहिलं होतं, 'वरच्या नमस्काराला कुणीतरी उत्तर द्या, बरं दिसत नाही.'

सुदर्शनला आधी राग आला, मग लाज वाटली. ही पाटी उद्या पडद्यावर दिसली तर खुर्ची गेलीच. त्यानं सगळे चौकोन निवडले आणि एका दमात पुसून टाकले. पुसलेलं सगळं मोबाइलच्या कचरापेटीत जाऊन बसलं. दुसऱ्या कुणी तिथं थांबलं असतं. पण कचरा साठवायचा नाही, अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याची विल्हेवाट लागलीच पाहिजे, हे सुदर्शन चार महिने दर मंगळवारी शिकवत होता. कचरापेटी भरलेली दिसल्यावर त्याचा हात आपोआप चालला. हे परत मिळणार नाही, खात्री आहे का, असं मोबाइलनं विचारलं. सुदर्शन म्हणाला, हो.

मग त्यानं बसून चाळीस चुका स्वतः लिहिल्या. चाळीस जणींच्या चाळीस चुका एकट्यानं करायच्या म्हणजे थोडं काम नव्हतं. एक चूक त्यानं घाईत असलेल्या सिस्टरची लिहिली, एक नवशिकीची, एक पश्चात्ताप झालेल्या ज्येष्ठ सिस्टरची. ती शेवटची वाचून त्याचे स्वतःचे डोळे पाणावले. चार वाजता तो समाधानानं चहाला गेला.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला तो आला तेव्हा गाडी लावायला जागा नव्हती. सगळीकडे सिस्टरच्या स्कूट्या होत्या. आत गेला तर जिन्यात सिस्टर, पॅसेजमध्ये सिस्टर, औषधांच्या खोलीपुढं सिस्टर. सकाळच्या पाळीला चौदा जणी असायच्या. त्या दिवशी एकतीस होत्या. त्यात रूपाही होती. रात्री पाचोडला हळद दळून ती पहाटे पहिल्या बसनं परत आली होती आणि तिच्या कानामागं हळद लागलेली होती.

रईसा सिस्टर जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं.

"पाटी कुणी पुसली रे सुदर्शन?"

"मी."

"का बरं?"

"सिस्टर, ती प्रशिक्षणाची होती. त्यावर सगळं ड्यूटीचं लिहिलेलं होतं."

"व्हय, मंग? माझी सगळी ड्यूटी तिच्यावरच व्हती."

तेव्हा सुदर्शनला कळलं की लाल वही महिन्यापूर्वीच बंद झाली होती. वहीत अदलाबदल करायची तर दोन दिवस आधी येऊन रईसा सिस्टरसमोर उभं राहावं लागायचं, आणि ऐनवेळी अडचण आली की त्यांना घरी फोन जायचे, कधी रात्री अकरालाही. मोबाइलवर स्टाफचा ग्रुप होता, पण त्यात तात्यासाहेब सुविचार टाकायचे, म्हणून तिथं कुणी तोंड उघडत नव्हतं. अशात सुदर्शननं एक अशी जागा दिली जिथं सगळ्यांना सगळं दिसतं आणि वरिष्ठ डोकावत नाहीत. पोरी आपसात ठरवायच्या आणि रईसा सिस्टर घरी बसून बरोबरची खूण करायच्या.

"अठ्ठावीस बरस में पहली बार मैं रात को चैन से सोई रे," त्या म्हणाल्या. "और तूने पुसून टाकलं."

गुरुवारी संध्याकाळी पाटी कोरी दिसल्यावर सिस्टरमध्ये दोन तट पडले होते. काही म्हणाल्या, अदलाबदल ठरली ती ठरली. काहींना वाटलं, तपासणी आहे म्हणून वरून सगळ्या अदलाबदली रद्द झाल्या. खरं काय हे विचारायला पाटीवर जावं तर तिथं चाळीस अनोळखी चुका होत्या. तपासणीच्या दिवशी गैरहजर सापडलं तर मेमो नक्की होता. म्हणून ज्यांनी ड्यूटी दिली होती त्याही आल्या आणि ज्यांनी घेतली होती त्याही आल्या. मधल्या साखळीतल्या ज्यांना आपलं नक्की काय आहे हे समजेना, त्या सावधगिरी म्हणून आल्या.

रईसा सिस्टर निम्म्यांना घरी धाडणार होत्या, पण तेवढ्यात तपासणीची गाडी फाटकातून आत आली. मग त्यांनी एकच सूचना दिली, जिथं गर्दी कमी दिसेल तिथं जाऊन उभ्या राहा.

तपासणीला सुलेखा मॅडम आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, पूर्वी स्वतः मेट्रन असलेल्या, आणि कमी बोलणाऱ्या. त्यांची पद्धत साधी होती. वॉर्डात बेसिनजवळ स्टूल घेऊन बसायचं आणि कोण कधी हात धुतं हे कागदावर रेघा मारून मोजायचं. त्या पुरुष वॉर्डात येऊन बसल्या आणि सुदर्शन त्यांच्या मागं उभा राहिला.

बत्तीस खाटांना एरवी दोन सिस्टर असायच्या. त्या दिवशी सात होत्या. पहिल्या वीस मिनिटांत त्यांची सगळी कामं उरकली. पुढं काय करायचं? तपासणीवाल्या बाई समोर बसलेल्या, बसायची सोय नाही, मोबाइल काढायची तर हिंमतच नाही. समोर फक्त बेसिन होतं. मग त्या हात धुवायला लागल्या. नाडी बघण्याआधी धुतले, बघितल्यावर धुतले, उशी सरळ करण्याआधी धुतले. एकीचं झालं की दुसरी नंबर लावून उभी असायची. सुलेखा मॅडमची पेन्सिल थांबायला तयार नव्हती.

याचा ताप झाला तो सतरा नंबरच्या कडूबांना. हर्सूलचे कडूबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी चार दिवस पडून होते आणि चार दिवसांत त्यांनी सिस्टरला तीनदा जवळून पाहिलं होतं. आता अर्ध्या तासात तिघी आल्या, तिघींनी नाडी बघितली, एकीनं पांघरूण सारखं केलं आणि एक तर हसलीसुद्धा. कडूबांचा चेहरा उतरला. त्यांनी रूपाला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, खरं सांग. माझं काय लई वाईट निघालं का?"

"नाय हो बाबा. तुमचं सगळं नॉर्मल हाय."

"मंग हळद कशापायी लावून आलीस? काही विधी हाय का?"

रूपानं समजावलं, पण कडूबांची खात्री पटली होती. त्यांनी घरी फोन लावून सांगितलं की सगळ्यांनी येऊन भेटून जा. अर्ध्या तासात हर्सूलहून अकरा माणसं आली. सुदर्शनला वाटलं, संपलं. वॉर्डात एका वेळी एकच नातेवाईक, हा नियम त्यानं स्वतः भिंतीवर लावला होता. पण त्या दिवशी पॅसेजमध्ये रिकाम्या सिस्टर पुष्कळ होत्या. त्यांनी अकरा जणांना ओळीत उभं केलं, प्रत्येकामागं एक सिस्टर लावली, प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत धुवून घेतले आणि एकेकाला आत सोडलं. कडूबांच्या थोरल्या सुनेनं तर हाताबरोबर पायही धुतले. सुलेखा मॅडमनी स्टुलावरून उठून हे बघितलं आणि परत येऊन कागद उलटून लिहायला घेतलं.

दुपारी सगळे सभागृहात जमले. सुलेखा मॅडमनी चष्मा पुसला आणि सांगितलं की हात धुण्याचं प्रमाण शंभरात अठ्ठ्याण्णव आहे. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी चौसष्टच्या वर पाहिलं नव्हतं. तात्यासाहेबांनी सुदर्शनला खांद्याला धरून पुढं उभं केलं, हे याच्या पाटीमुळं झालं असं सांगितलं आणि पाटी पडद्यावर लावायला लावली. चाळीस रंगीत चुका भिंतभर झळकल्या.

सुलेखा मॅडम बराच वेळ वाचत होत्या. पश्चात्ताप झालेल्या ज्येष्ठ सिस्टरच्या चौकोनापाशी त्या थोड्या जास्त थांबल्या.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगा. प्रत्येक चौकोनाखाली वेळ दिसतेय. तुमच्या सिस्टर चुका फक्त गुरुवारी दुपारी तीन ते चारमध्येच करतात का?"

सुलेखा मॅडमनी उत्तराची वाट न बघता रईसा सिस्टरकडे वळून विचारलं, सकाळच्या पाळीला रोज किती जणी असतात? रईसा सिस्टरनी सुदर्शनकडे पाहिलं. त्यांनी एकतीस म्हटलं असतं तर ते कुणी खोडणार नव्हतं. त्या त्याच्यासाठी गप्प राहिल्या होत्या, हे त्याला कळलं, आणि महिनाभर आकडे सांगत फिरल्याची त्याला मनापासून लाज वाटली.

"चौदा," सुदर्शन म्हणाला. "आज एकतीस आहेत, ते माझ्या चुकीमुळं. या चाळीस चुका पण माझ्याच आहेत. सिस्टरची यातली एकही नाही."

मग त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. कचरापेटीपर्यंत आला तेव्हा सुलेखा मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. त्याचं संपल्यावर त्यांनी पेन उघडलं.

"मी पस्तीस वर्षं या नोकरीत होते," त्या म्हणाल्या. "हात कधी धुवायचे ते पहिल्या वर्षीच शिकवतात. सगळ्यांना माहीत असतं. बत्तीस खाटांमागं दोघी असल्या की धुवायचे कधी, ते कुणी शिकवत नाही. सकाळी सात होत्या, म्हणून धुतले." आणि अहवालात त्यांनी एकच शिफारस लिहिली: वॉर्डात माणसं वाढवा.

तात्यासाहेब शिफारस मानणारे गृहस्थ होते. बाकीचं पुढच्या वर्षी बघू, पण एक माणूस लगेच वाढवतो, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. जाहीर करताना ते सुदर्शनकडेच बघत होते.

सोमवारी चादरी आपल्या खोलीत परत गेल्या. चाकाची खुर्ची रईसा सिस्टरनी वॉर्डात मागून घेतली. तिच्यावर बसायला कुणाला वेळ होत नाही, म्हणून सध्या तिच्यावर ड्रेसिंगचा ट्रे असतो. सुदर्शन पुरुष वॉर्डात रूपाबरोबर उभा राहिला आणि साडेनऊपर्यंत त्याला मान वर करता आली नाही. पावणेदहाला त्याच्या लक्षात आलं की नऊ नंबरचं सलाईन काढून आपण तसेच दहा नंबरला हात लावला. चार महिने व्याख्यान देणारा माणूस वॉर्डात पावणेदोन तास टिकला होता.

त्यानं आधी हात धुतले, मग मोबाइल काढला. पाटीवर अदलाबदली पुन्हा जोरात सुरू होत्या. त्यात त्यानं एक पिवळा चौकोन चिकटवला: 'नऊवरून दहाला जाताना हात धुतले नाहीत. माहीत होतं. वेळ नव्हता.' नाव लिहिलं नाही.

दहा मिनिटांनी त्याखाली दुसरा पिवळा चौकोन आला: 'माझं रोज होतं.' मग आणखी एक: 'आमच्याकडे बेसिनला साबणच नाही, आठ दिवस झाले.' दुपारपर्यंत असे अठरा झाले आणि एकावरही नाव नव्हतं. सुदर्शननं सगळे वाचले. शेवटी रईसा सिस्टरचा एक मोठा चौकोन होता आणि त्यावर नाव होतं. 'चुका लिवा, पण कडेला लिवा. मधी ड्यूटीची जागा हाय. रईसा.'

ड्यूटीच्या जागेत सुदर्शननं आपलं नाव शोधलं. शनिवारी त्याला नाईट लागली होती आणि शनिवारी त्याच्या मुलीचा वाढदिवस होता. त्यानं निळा चौकोन घेतला. त्यावर सरळ लिहिलं: 'शनिवारची नाईट कुणी घेईल का? मुलगी पाच वर्षांची होतेय. बदल्यात मागाल ते देतो.'

उत्तर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहूनच आलं. 'मी घेते. तुम्ही माझी हळद बुडवली, तरी घेते. रूपा.'

सुदर्शननं मान वर करून बघितलं. रूपा सतरा नंबरपाशी कडूबांचं ब्लडप्रेशर बघत होती आणि तिनं मान वळवली नाही. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि अकरा नंबरच्या ड्रेसिंगकडे निघाला. दोन पावलं गेल्यावर त्याला आठवलं की आपण आत्ताच मोबाइलला हात लावला आहे. तो गुपचूप मागं फिरला आणि बेसिनचा नळ सोडला.